ज्वालामुखी, आतल्या बाजूने

बंदिस्त सभागृहात खराखुरा लाव्हा ओतून तो तिकीट लावून दाखवण्याचा व्यवसाय आइसलँडमध्ये २०१८ साली सुरू झाला. त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील वीक या छोट्या गावात ‘लाव्हा शो’ उघडला आणि २०२२ मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये त्याची दुसरी शाखा निघाली. कृती थोडक्यात अशी : कटला ज्वालामुखीच्या १९१८ च्या उद्रेकातला दगड भट्टीत घालून सुमारे ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, वितळला की प्रेक्षकांच्या पुढ्यातल्या उतारावर सोडायचा आणि तो गार होईपर्यंत त्याच्याविषयी बोलत राहायचे. प्रेक्षकांना संरक्षक चष्मे मिळतात. लाव्हा आत शिरताच खोलीतला उष्मा इतका चढतो, की बाहेरच्या वाऱ्यात कुडकुडून आलेली मंडळी अंगावरच्या कपड्यांचा एकेक थर उतरवू लागतात. थिजलेला लाव्हा फोडून पुन्हा भट्टीत टाकता येतो. म्हणजे रोज तोच लाव्हा, तेच वाहणे, तेच थिजणे आणि निवेदकाने त्याच जागी थांबून हशा घेणे. मराठी व्यावसायिक रंगभूमीला यातले काही नवे वाटू नये.

आइसलँडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचे अशा प्रयोगातले वर्तन साधारण ठरलेले असते. संरक्षक चष्मा स्वतःच्या चष्म्यावर चढवायचा की स्वतःचा काढून, यावर सुरुवातीला मतभेद होतात. लाव्हा येतो तेव्हा तो समोर असूनही मोबाइलच्या पडद्यावर पाहिला जातो. काकू काकांना “अहो, मागे सरका जरा, खिशात पासपोर्ट आहेत,” असे बजावतात. शेवटी गार झालेला काळा तुकडा हातोहात फिरू लागतो. तो काकांपर्यंत पोचला की ते उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, “हा तर आपल्या मागच्या दाराच्या पायरीचा दगड.” बरोबरचे लोक हसतात. वास्तविक त्या खोलीत उच्चारल्या गेलेल्या वाक्यांपैकी भूशास्त्राच्या कसोटीला सर्वांत चोख उतरणारे वाक्य तेच असते. दोन्ही दगडांची जात एकच, बेसाल्ट. आठ हजारांहून अधिक किलोमीटर विमानाने जाऊन, काही हजार रुपयांचे तिकीट काढून जो दगड पाहायचा, त्याच दगडाचे आजीचे जाते असते, पाटा-वरवंटा असतो, वाड्याचे जोते असते आणि ज्या रस्त्याने विमानतळ गाठला त्या रस्त्याची खडीही असते.

असा प्रयोग छताखाली करता येतो, याचे कारण ज्वालामुखीतली भीती उष्णतेपेक्षा वायूंची अधिक असते. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला की दाब घटतो, वायू सुटतात आणि जाता जाता डोंगराचा माथाही घेऊन जातात. एकदा बाहेर पडून थिजलेला दगड पुन्हा वितळवला, तर त्यात हा वायू जवळपास उरलेला नसतो. भट्टीतला लाव्हा म्हणून चिडत नाही, नुसता वाहतो; त्याचा राग शंभर वर्षांपूर्वीच निघून गेलेला असतो. शिवाय थर पातळ असल्याने तो लगेच गार होतो, स्फटिक वाढायला उसंत मिळत नाही आणि काळी, चकचकीत काच बनते.

अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात शिल्पकार रॉबर्ट वायसॉकी आणि भूशास्त्रज्ञ जेफ्री कार्सन यांनी हाच उद्योग आइसलँडच्या आधीपासून चालवला आहे. तिथे विस्कॉन्सिनमधला सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट वितळवून ओततात. २०१४ मध्ये ‘बॉम्पस अँड पार’ या लंडनच्या जोडीने त्या लाव्हाच्या धगीवर मांस भाजून खाल्ले. वांग्याच्या भरतासाठी ही रीत वापरल्याची नोंद अद्याप नाही.

महाराष्ट्रात छताखालचा ज्वालामुखी बराच जुना आहे आणि तो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असतो. थर्माकोल, कागदाचा लगदा आणि प्लास्टर यांचा डोंगर, आत बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेले व्हिनेगर. त्याचा उद्रेक परीक्षक येण्यापूर्वी अर्धा मिनिट किंवा ते शेजारच्या पवनचक्कीकडे वळल्यानंतर होतो. जुन्या शाळांत रसायनशास्त्राचे सर अमोनियम डायक्रोमेटची नारिंगी पूड पेटवून दाखवत. ठिणग्या उडत, हिरव्या राखेचा डोंगर फुगत जाई आणि पहिल्या बाकावरची मुले ती राख खिशात भरत. राख क्रोमियम ऑक्साइडची. मूळ नारिंगी पूड मात्र कर्करोगाला कारण होणारी, म्हणून हा प्रयोग मागे पडला. दोन्हींत लाव्हाचा थेंबही नसतो, हे विज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे वैगुण्य.

मावळ तालुक्यात याच्या नेमके उलट आहे. लाव्हा आहे, तोही मोजता येणार नाही इतका. फक्त प्रयोग आटोपून सहा कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्टी रस पुन्हा पुन्हा वर येऊन पसरत गेला. मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपला. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीच्या रांगेत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, नागफणी, राजमाची हे सगळे त्या थरांचे नदी-नाल्यांनी न पोखरलेले अवशेष होत. गावेही थरांवर, शेतेही थरांवर. पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळ ही नद्यांची खोरी त्याच थरांत कोरली गेली. एक थर ओतला गेल्यावर पुढचा येईपर्यंत कधी कधी बराच काळ जाई, वरचा पृष्ठभाग कुजून माती होई आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली जाई. घाटाच्या कापलेल्या कड्यांत दोन काळ्या थरांमध्ये जी तांबूस पट्टी दिसते, ती या मध्यंतराची खूण असते.

इथे येणारा पर्यटक एक प्रश्न हमखास विचारतो : ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे? त्याच्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातला शंकू असतो, वर धूर, खाली घरे. दख्खनचा उद्रेक भेगांतून झाल्याने असे तोंड मावळात नाही, आणि हे उत्तर ऐकून पर्यटकाची निराशा होते. संपूर्ण जिल्हा लाव्हाचा असला तरी फोटो काढायला एक भोक हवे असते. महाराष्ट्रात तसे भोक आहे; बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, गोल, खोल, मध्ये पाणी, अगदी चित्रातल्यासारखे. अनेक वर्षे ते ज्वालामुखीचे मुखच मानले जाई. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की ते उल्कापाताने पडलेले विवर आहे. बेसाल्टच्या राज्यात ज्वालामुखीसारखे दिसणारे नामांकित स्थळ ते एक, आणि नेमके तेवढेच ज्वालामुखीचे नाही.

भूशास्त्रज्ञांनी या थरांची रासायनिक घटकांवरून जी विभागणी केली, ती वाचताना वैज्ञानिक ग्रंथ उघडला आहे की एस.टी.चे वेळापत्रक, असा प्रश्न पडतो. खालून वर जाताना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. पहिल्या गटाला कळसूबाईचे नाव, शेवटच्याला वाईचे आणि मधल्याला लोणावळ्याचे. या लोणावळा उपगटात दोनच सदस्य आहेत, खंडाळा आणि बुशे. खंडाळा लोणावळ्याच्या हाताखाली येतो, ही गोष्ट खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांच्या कानावर अद्याप गेली नसावी. बुशे थराची ख्याती वेगळीच. वर येताना वाटेतले जुने खडक वितळवून पोटात घेण्यात या लाव्हाने सर्वांवर ताण केली, आणि त्याच्या रसायनात ही भेसळ सरळ पकडता येते. घाटात वाटेत थांबून खाण्याची परंपरा त्यामुळे बरीच मागे नेता येते.

या सगळ्याचा कर्ता आता कुठे आहे, याचे उत्तरही मिळते. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थळावरून भारताचा भूखंड त्या काळी सरकत होता, ते स्थळ आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेला निघून गेला, स्थळ मागे राहिले. रंगमंच हलला आणि नट तिथेच उभा राहिला. वाटेत त्याने लक्षद्वीप, मालदीव आणि मॉरिशस यांचा पाया घातला. मधुचंद्राच्या जाहिरातींतला निम्मा हिंदी महासागर अशा रीतीने लोणावळ्याच्याच घराण्यातला निघतो. रियुनियनवरचा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. मुंबईपासून तो साडेचार हजार किलोमीटरहून दूर असल्याने मावळातल्या दुसऱ्या घराचा विचार करणाऱ्यांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

मावळातला लाव्हा पाहण्याचा योग्य हंगाम मार्च ते मे. त्या दिवसांत गवत वाळलेले असते, कडे उघडे पडतात आणि थरावर थर स्वच्छ मोजता येतात. पर्यटक जून ते सप्टेंबरमध्ये येतात. त्या काळात डोंगर हिरव्या गवताखाली, गवत पाण्याखाली आणि तिन्ही धुक्याखाली असतात. टायगर पॉइंटला, ज्याला जुने लोक वाघदरी म्हणतात, शेकडो माणसे कठड्याशी उभी राहून पांढऱ्या भिंतीकडे पाहत असतात. भिंतीपलीकडे खोल दरी आहे, हे त्यांना मक्याची कणसे भाजणारा सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवून फोटो काढले जातात. कांदाभजी, चहा आणि मॅगी यांची विक्री दृश्यमानतेच्या व्यस्त प्रमाणात वाढते. एखाद्या क्षणी वाऱ्याने धुके फाटते, समोर काळा कडा उभा राहतो, त्यावरून पाणी उलटे वर उडताना दिसते आणि सगळे “अरे, अरे” म्हणेपर्यंत पडदा पडतो. ज्यांनी तो क्षण भजीच्या ताटलीत पाहत घालवला, त्यांना इतरांकडून वर्णन ऐकावे लागते.

आतून पाहायचे तर पहिला मार्ग रेल्वेचा. बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. सुमारे २५ किलोमीटरांत ५५० मीटरहून अधिक चढ, २५ बोगदे, आणि कामाच्या भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. सगळे खोदकाम या लाव्हातले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे येऊन अल्पावधीतच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन काम पुरे करवले. खोदताना दगडाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे स्फटिक निघाले आणि परदेशी संग्रहालयांत जाऊन बसले. आजचा प्रवासी या बोगद्यांत शिरला की दोन गोष्टी करतो. मोबाइलची रेंज गेल्याचे जाहीर करतो आणि डब्यात लहान मूल असेल तर त्याच्या नावाखाली स्वतः “ओऽऽ” करून ओरडतो. लाव्हाच्या भिंती तो आवाज परत देतात. काळाच्या हिशेबात हा संवाद विषम आहे, पण दोन्ही बाजू समाधानी दिसतात.

दुसरा मार्ग द्रुतगती महामार्गाचा. त्यावर भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेतचे दोन असे बोगदे आहेत. खाली खडी लाव्हाची, बाजूला भिंत लाव्हाची, वर छत लाव्हाचे, आणि डोंगर अंगावर येऊ नये म्हणून घाटात कड्यांना जाळ्या. इतक्या जवळून इतका ज्वालामुखी आइसलँडमध्येही पाहायला मिळत नाही, आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत तो तासभर थांबून पाहण्याची सोय असते. प्रवासी या वेळात नकाशावरची लाल रेघ पाहतात. गाडीतला सर्वांत अनुभवी इसम “जुन्या हायवेने जायला हवं होतं,” असे म्हणतो. जुन्या हायवेवर त्याच वेळी दुसऱ्या गाडीत नेमके उलटे वाक्य म्हटले जात असते.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि अर्थातच सर्वांत चांगला, तो लेण्यांचा. भाजे, कार्ले आणि बेडसे ही मावळातली तिन्ही लेणी म्हणजे लाव्हाच्या पोटात काढलेल्या खोल्या. थर आडवे, जाड, एकसंध आणि कणखर असल्याने लेणे कोरणाऱ्यांनी ते निवडले. काम वरून खाली करत आणले की परांचीची गरज पडत नाही. छत आधी पुरे होते आणि जमीन शेवटी लागते. मुंबई-पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांनी हा क्रम अजून अवलंबलेला नाही. तिथे जमीन आधी विकली जाते.

मळवली स्टेशनासमोरच्या डोंगरातले भाजे या तिघांत सर्वांत जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथे दोन चर्मवाद्ये वाजवणाऱ्या स्त्रीचे शिल्प आहे आणि तबल्याचे मूळ शोधणाऱ्यांचे त्याच्यावर फार प्रेम. बेडसे कामशेतकडून जावे लागते, चढ आहे, खाली भजीची गाडी नाही. म्हणून ते शांत राहिले आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह मात्र थांबून पाहावे असे. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच, ३७ खांब, आणि सगळे एका अखंड खडकातून. भारतातले हे सर्वांत मोठे शैलचैत्य. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे नोंदवून ठेवले आहे. लोणावळा परिसरातल्या कुठल्याही निवासस्थानाने स्वतःला दिलेले हे पहिले पंचतारांकित प्रमाणपत्र असावे, आणि त्यानंतरच्या जाहिरातींच्या मानाने ते बरेच खरे आहे. वर पाहिले की गंमत दिसते. कमानदार छताला सागाच्या वक्र फासळ्या लावलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. त्या छताला आधार देतात म्हणावे, तर छत डोंगराचे. त्याला लाकडाच्या आधाराची गरज नाही. त्याआधीची सभागृहे लाकडी असत, लाकडी छताला फासळ्या असत, म्हणून इथेही बसवल्या. लाव्हाच्या डोंगराखाली उभे राहून सुताराचे मन मोडवले नाही, असे याचे सरळ वर्णन करता येईल.

खांबांवर देणगीदारांचे लेख आहेत. धेनुकाकट नावाच्या गावच्या व्यापाऱ्यांनी, त्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांनीही, एकेका खांबाचा खर्च उचलला आणि आपली नावे कोरून घेतली. ही प्रथा पुढे चालू राहिली, फक्त तिच्यात थोडा बदल झाला. खर्च देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत आहेत. न देणाऱ्यांची देवनागरीत असतात आणि सोबत बाण घुसलेला बदाम असतो. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी याला मनाई करते, म्हणून नावे कोरणारे आजकाल पाटीपासून हातभर अंतर राखतात.

लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी, आगरी आणि अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची ती कुलदेवता, त्यामुळे पायऱ्यांवरची गर्दी मुख्यतः तिची असते. नारळ, हार, ओटी, बँडबाजा आणि मुंबईहून खास गाडी करून आलेली कुटुंबे. दर्शन झाले की त्यांतले काही “आत काय आहे?” असे विचारून चैत्यात डोकावतात. आत गारवा असतो. वैशाखातही भिंतीला पाठ टेकली की सुखाचा उसासा निघतो, आणि एके काळी हजार-अकराशे अंशांवर असलेल्या वस्तूला पाठ टेकून गार वाटणे ही गोष्ट सहजपणे स्वीकारली जाते. लाव्हा पाहिला, असे खाली उतरल्यावर कुणी सांगत नाही. “केवढ्या पायऱ्या!” एवढेच सांगतात.

लोणावळ्यात याखेरीज मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालये आहेत. मेण साठ-सत्तर अंशांच्या आसपास वितळत असल्याने आइसलँडच्या धर्तीचा प्रयोग त्यांच्या शेजारी सुरू करणे नटनट्यांच्या हिताचे नाही.

वाहता रस छताखाली, डोळ्यांसमोर, आजच्या आज पाहायचाच असेल तर लोणावळ्यात चिक्कीचा कारखाना गाठावा. ही तुलना केवळ जिभेच्या सोयीसाठी नाही. ज्वालामुखीचे अभ्यासक प्रयोगशाळेत लाव्हाच्या जागी साखरेचा घट्ट पाक वापरतात, कारण तापमानाबरोबर त्याचा दाटपणा झपाट्याने बदलतो आणि वाहताना तो लाव्हाच्या खोड्या बऱ्याचशा करतो. घाटात रेल्वेचे काम करणाऱ्या मजुरांना गुळदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, अशी लोणावळ्यात सांगितली जाणारी कथा आहे. ती खरी मानली तर लाव्हा फोडणाऱ्यांनीच लाव्हाची प्रतिकृती खाल्ली.

कढईत गूळ वितळतो, उकळतो, त्याचा रंग गडद होत जातो. कारागीर थेंबभर पाक पाण्यात टाकतो. गोळी मऊ झाली तर अजून वेळ आहे. तिचा ‘कट्’ आवाज झाला की पाक झाला. त्या वेळी तापमान १५० अंशांच्या आसपास असते. लगेच भाजून सोललेले दाणे आत जातात, दोन-चार वेळा उलथणे फिरते आणि सगळा गोळा तेल लावलेल्या ओट्यावर पडतो. इथून पुढे घाई. गोळा आपल्या वजनाने पसरू लागतो, कडा आधी थिजतात, वर सुरकुतलेली साय धरते आणि साय फोडून आतला गरम पाक एखाद्या बाजूने जीभ काढतो. हवाई बेटांवरच्या लाव्हाचे चित्रण पाहिलेल्या माणसाला ही जीभ ओळखू येते. कारागीर तिला लाटण्याने सपाट करतो आणि गरम असतानाच सुरीने चौकोन पाडतो. उशीर झाला तर चिक्की आकसते आणि वाटेल तशी तडकते. बेसाल्टच्या जाड थरांनाही गार होताना आकसावेच लागले. तिथे कुणी सुरी चालवली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच भेगा पाडून खांब घडवले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते उभे दिसतात.

दाणे पाकात शिजत नाहीत, ते आधीच तयार असतात. सह्याद्रीतल्या काही थरांत प्लेजिओक्लेज या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक काळ्या दगडात खचाखच भरलेले आढळतात, तेही असेच. ते उद्रेकाच्या आधी, जमिनीखालच्या साठ्यात निवांत वाढले आणि मग रसाबरोबर वर आले. भूशास्त्रज्ञ या थरांना फार जपतात, कारण एक गट संपून दुसरा कुठे सुरू होतो हे ओळखायला त्यांची मदत होते. गिऱ्हाईकही दाण्यांचे प्रमाण पाहूनच एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाते. काही ठिकाणी पाकात चिमूटभर सोडा घालतात. मग तो फुगतो आणि चिक्कीत बारीक पोकळ्या राहतात. लाव्हात त्या वायूने केल्या आणि नंतर गरम पाण्याने त्यांत झिओलाइट भरले. चिक्कीच्या पोकळ्या भरण्याइतका वेळ तिला कुणी देत नाही.

फरक टिकाऊपणात आहे. बेसाल्ट ऊनपाऊस खात मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते, याला हजारो वर्षे लागतात. चिक्की हवेतली ओल ओढून घेते आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उघड्या पुड्यात तिला एक दुपार पुरते. तिचा लगदा होतो आणि तो बोटांना, मग मोबाइलला, मग गाडीच्या दाराच्या कडीला लागतो. म्हणून लोणावळ्याचे दुकानदार पावसाळ्यात पुड्यावर दुहेरी पिशवी चढवतात, चिकटपट्टी लावतात आणि “घरी गेल्यावरच फोडा, साहेब,” असे बजावून देतात. मुंबईकडे निघालेला पुडा सहसा खोपोली येण्याआधीच फुटतो.